युब्लॉक ओरिजिन : बॅनर जाहिरातींच्या वाटेने येणाऱ्या मालवेअरला अडवण्यासाठी

आमची कचेरी कर सल्लागाराची आहे, बडोद्याच्या रावपुऱ्यात. जीएसटी, प्राप्तिकर, टीडीएस आणि लहान व्यापाऱ्यांचे हिशेब टॅलीत चढवणे एवढेच आमचे काम. पण त्या कामापायी आमच्या संगणकांवर दुसऱ्यांचे पासवर्ड, पॅन क्रमांक आणि बँकेचे उतारे इतके साठतात की एक संगणक बाधित झाला तर नुकसान आमचे कमी आणि अशिलांचे जास्त होईल. म्हणून ज्या साधनाविषयी हा अभिप्राय लिहितो आहे, त्याची पारख मी ‘जाहिराती दिसेनाशा झाल्या, डोळ्यांना बरे वाटले’ या अंगाने केलेली नाही. जाहिरातीच्या चौकटीतून संगणकात काही शिरू शकते का, आणि शिरत असेल तर हे साधन ते कितपत अडवते, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो : युब्लॉक ओरिजिन हे फुकट मिळणारे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा लहानसा प्रोग्रॅम, या विशिष्ट धोक्यापुरते, दरवर्षी पैसे मोजून नूतनीकरण करण्याच्या अँटिव्हायरसपेक्षा अधिक उपयोगाचे आहे, मात्र ते फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये बसवावे, आणि त्याच्याकडून काय होत नाही तेही नीट समजून घ्यावे.

पुष्कळांची समजूत अशी असते की मालवेअर, म्हणजे नुकसान करणारा प्रोग्रॅम, भलत्यासलत्या साइटवरच मिळतो. आपण वर्तमानपत्र, पंचांग आणि रेल्वेचे वेळापत्रक पाहणारी माणसे, आपल्याला काय होणार. जाहिरातीच्या बाबतीत ही समजूत टिकत नाही, कारण पान एकाचे असते आणि त्यातली जाहिरात भलत्याच कोणाची असते. सकाळी पेपरवाला वर्तमानपत्राच्या घडीत जी हँडबिले सरकवून देतो ती संपादकाने पाहिलेली नसतात, तसाच हा प्रकार आहे. पान उघडताच त्यातली रिकामी चौकट जाहिरातींच्या बाजाराकडे विचारणा पाठवते, सेकंदाच्या लहानशा अंशात तिथे लिलाव होतो, जिंकणाऱ्याची जाहिरात तिसऱ्याच कोणाच्या सर्व्हरवरून येते, आणि ती नुसते चित्र नसून तिच्याबरोबर बहुधा जावास्क्रिप्टचा, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमचा, तुकडाही असतो. साइटचा मालक, त्याची एजन्सी, लिलाव चालवणारी कंपनी, जाहिरातदाराचा दलाल या सगळ्या साखळीतले कोणीही ती जाहिरात त्या क्षणी पाहत नाही. शिवाय शेजारशेजारच्या दोन टेबलांवर एकच पान उघडले तरी दोघांना निरनिराळ्या जाहिराती दिसतात, त्यामुळे ‘माझ्याकडे तर काही आलं नाही’ या वाक्याला पुराव्याची किंमत उरत नाही.

हे नुसते तर्काने सांगत नाही. सप्टेंबर २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या साइटवर कोणीतरी व्होनेज या इंटरनेट-टेलिफोन कंपनीचे नाव सांगून जाहिरातीची जागा घेतली, सुरुवातीला त्या कंपनीच्याच वाटाव्यात अशा जाहिराती दाखवल्या, आणि आठवड्याची अखेर गाठून त्यांच्या जागी ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ असा बनावट इशारा सुरू केला, जो वाचकाच्या गळ्यात खोटा अँटिव्हायरस बांधू पाहत होता. २०१३ च्या डिसेंबरअखेरीस आणि २०१४ च्या पहिल्या दिवसांत याहूच्या जाहिरात-सर्व्हरवरून येणाऱ्या काही जाहिराती मुख्यतः युरोपातल्या वाचकांना मॅग्निट्यूड नावाच्या एक्स्प्लॉइट किटकडे, म्हणजे संगणकातल्या त्रुटी शोधून आपोआप आत शिरणाऱ्या साधनाकडे, वळवत होत्या. तासाला सुमारे २७,००० संगणक बाधित होत असावेत असा अंदाज फॉक्स-आयटी या डच कंपनीने तेव्हा मांडला होता. तिथे क्लिक करण्याचीही गरज नव्हती, संगणकावर जुने जावा असले आणि पान उघडले की पुरे. मार्च २०१६ मध्ये बीबीसी, न्यूयॉर्क टाइम्स, एमएसएन आणि एओएल यांच्या पानांवरच्या जाहिरातींमधून अँगलर हे किट आणि त्याच्या मागोमाग रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, वाचकांपर्यंत पोहोचले. त्यासाठी हल्लेखोरांनी माध्यम-व्यवसायातल्या एका लहान कंपनीचे मुदत संपलेले डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, विकत घेऊन तिच्या जुन्या लौकिकाच्या जोरावर आपल्या जाहिराती पुढे रेटल्या होत्या.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात ईसेट या कंपनीने उघडकीला आणलेला प्रकार मला सर्वांत बोलका वाटतो. बॅनरच्या चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याची पारदर्शकता किती, हे सांगणाऱ्या आकड्यांमध्येच स्क्रिप्ट लपवलेली होती. डोळ्यांना चित्र जवळपास जसेच्या तसे दिसे, आणि ती स्क्रिप्ट आपण एखाद्या तपासनिसाच्या संगणकावर तर नाही ना, याची आधी खातरजमा करून मगच पुढचे पाऊल टाकी. ज्या मालाची ती जाहिरात होती त्याचे नाव ‘ब्राउझर डिफेन्स’ होते, यावर मी वेगळे भाष्य करण्याची गरज नाही. चित्र पाहून जाहिरात चांगली की वाईट हे ओळखता येईल, असे ज्यांना अजून वाटते त्यांनी एवढे एक प्रकरण लक्षात ठेवावे.

गेल्या काही वर्षांत परिस्थिती बदलली आहे हे मान्य करायला हवे. या हल्ल्यांना सोयीचा असलेला, ब्राउझरमध्ये हलती चित्रे दाखवणारा फ्लॅश हा प्रोग्रॅम ३१ डिसेंबर २०२० रोजी कायमचा बंद झाला, ब्राउझर स्वतःहून अद्ययावत होतात, आणि जाहिरातीची चौकट पानाच्या उरलेल्या भागापासून पुष्कळ अंशी बंदिस्त ठेवली जाते. पान उघडले आणि संगणक गेला, असे आता क्वचित घडते. त्यामुळे हल्लेखोरांनी यंत्राचा नाद सोडून माणसाचा धरला : जाहिरात आता वाचकाकडूनच काहीतरी करवून घेते.

आमच्या कचेरीतलेच उदाहरण देतो. नोटिशीचे उत्तर पोर्टलवर चढवताना ठरावीक आकारापेक्षा मोठी फाइल चालत नाही. मुदतीचा दिवस असतो, फोन वाजत असतात, आणि टेबलावरचा मुलगा पीडीएफ लहान करणारी साइट शोधून समोर येईल ती उघडतो. फाइल चढवण्याची खरी जागा पानाच्या मधोमध फिकट करड्या रंगात असते, आणि तिच्या वर, खाली आणि उजवीकडे ‘डाउनलोड’, ‘स्टार्ट नाऊ’, ‘कन्टिन्यू’ अशी ठसठशीत हिरवी-निळी बटणे असतात. ती बटणे साइटची नसतातच. त्यांच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक त्रिकोण आणि एक फुली असते, आणि ही जाहिरात आहे हे वाचकाने त्या दाण्यावरून ओळखायचे असते. “काका, कितीदा डाउनलोड केली, पण फाइल लहानच होत नाहीये,” असे सांगत आलेल्या मुलाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पीडीएफ नव्हती, कुठल्याशा ‘कन्व्हर्टर’चे सेटअप होते. त्याने ते अजून चालवले नव्हते म्हणून पुढचे निभावले. एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने मार्च २०२५ मध्ये फाइलींचे रूपांतर करून देणाऱ्या फुकट साधनांविषयी स्वतंत्र इशारा दिला होता, तो नेमका याच वळणाचा. त्याच वर्षी जूनपासून जाहिरातींच्या जोरावर पसरवलेला ॲपसूट पीडीएफ एडिटर नावाचा प्रोग्रॅम जवळजवळ दोन महिने मुकाट्याने पीडीएफचे काम करत राहिला, आणि ऑगस्टमध्ये एका अपडेटनंतर त्याने ब्राउझरमधले पासवर्ड चोरायला सुरुवात केली. दोन महिने सरळ चाललेल्या प्रोग्रॅमवर कोणाचा संशय जाणार?

दुसरी तऱ्हा ‘मी रोबो नाही’ या चौकटीची. जाहिरातीवर क्लिक केले, किंवा पानावर कुठेही क्लिक केले आणि मागे नवी खिडकी उघडली, की तिथे नेहमीची खूण करायची चौकट दिसते. खूण केल्यावर ती सांगते की विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. तोपर्यंत पानाने गुपचूप एक आज्ञा क्लिपबोर्डवर ठेवलेली असते आणि वाचक ती स्वतःच्या हाताने चालवतो. ज्याला अडवायचे तो प्रोग्रॅम वाचकानेच सुरू केलेला असल्यामुळे अँटिव्हायरसही अशा वेळी पुष्कळदा चाचपडतो. आणि तिसरी तऱ्हा क्रिकेटची. सामना कोटंबीच्या मैदानावर असो की मेलबर्नला, दुपारच्या सुट्टीत तो फुकट कुठे दिसतो याचा शोध घेणारा एक तरी जण प्रत्येक कचेरीत असतो. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, बेकायदा प्रक्षेपणाच्या साइटवरच्या जाहिरातींतून सुरू झालेल्या एकाच मोहिमेत जगभरातली जवळपास १० लाख उपकरणे सापडली होती.

या वाटेने येणारा मालवेअर हल्ली बहुतेक वेळा माहितीचोर जातीचा असतो. तो संगणक बंद पाडत नाही, पडद्यावर कवटी दाखवत नाही. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड आणि चालू सत्रांच्या कुकी, म्हणजे आपण लॉगिन केले आहे हे साइटला सांगणाऱ्या लहान नोंदी, उचलतो आणि पाठवून देतो. कुकी गेली म्हणजे आधीच लॉगिन झालेले सत्र गेले, आणि मग ओटीपीची भिंतही उपयोगी पडत नाही. लुमा नावाच्या अशाच एका चोराचे जाळे मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि इतरांनी मोडून काढले, तेव्हा त्याआधीच्या दोन महिन्यांत ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणक बाधित आढळले होते. आमच्यासारख्या कचेरीत, जिथे एकाच ब्राउझरमध्ये शंभर दुकानदारांची जीएसटीची खाती साठवलेली असू शकतात, तिथे याचा अर्थ काय होतो हे व्यवसायातल्या माणसाला समजावून सांगावे लागू नये.

आता मूळ मालाकडे वळतो. युब्लॉक ओरिजिन रेमंड हिल यांनी २०१४ मध्ये लिहायला घेतले. ते मुक्त स्रोताचे आहे, त्याला पैसे पडत नाहीत, आणि लेखक देणग्याही स्वीकारत नाहीत. जाहिराती रोखणारी इतर काही एक्स्टेन्शने ‘स्वीकारार्ह’ ठरवलेल्या जाहिराती मूळ व्यवस्थेत आत सोडतात. इथे तशी मुभा नाही. त्याची कामाची रीत सरळ आहे. कोणते डोमेन जाहिरातींचे, कोणते पाळतीचे आणि कोणते मालवेअरचे, याच्या स्वयंसेवकांनी राखलेल्या याद्या ते आपोआप अद्ययावत करत राहते, आणि पान त्या डोमेनकडे विचारणा पाठवू लागले की ती विचारणा बाहेर पडण्यापूर्वीच थांबवते. जाहिरात आली आणि मग लपवली, असे मुख्यतः होत नाही. ती मागवलीच जात नाही. मालवेअरच्या दृष्टीने सगळे महत्त्व या फरकाला आहे. अँटिव्हायरसला प्रत्येक नवा नमुना ओळखावा लागतो, तर इथे जाहिरात चांगली की वाईट हा प्रश्नच उपस्थित होत नाही. जाहिरातींचे नेहमीचे दारच बंद असल्यामुळे आज सकाळी जन्मलेला हल्लाही त्या दाराने येऊ शकत नाही. ठिपक्यांत लपलेली स्क्रिप्ट ओळखण्याची हुशारी त्याच्यात नाही आणि त्याला तिची गरजही नाही.

बसवल्यावर ब्राउझरच्या पट्टीवर गडद लाल ढालीचे चिन्ह येते आणि त्यावर त्या पानाच्या किती विचारणा अडवल्या, याचा आकडा चढत जातो. बातम्यांच्या एखाद्या भरगच्च पानावर तो आकडा क्षणात दोन अंकांपलीकडे जातो, आणि पान वाचत बसले तर वाढतच राहतो, कारण जाहिराती ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा बदलण्याचा प्रयत्न चालूच असतो. ज्यांना खोलात जायचे आहे त्यांनी ढालीवर क्लिक करून नोंदवही, म्हणजे ‘लॉगर’, उघडून ठेवावा आणि दुसऱ्या टॅबमध्ये नेहमीचे पान उघडावे. एका ओळीत वेळ, अडवणारा नियम, कोणत्या पानाने विचारले आणि कोणाकडे विचारले, अशा नोंदी सरसर खाली उतरू लागतात. अडवलेल्या ओळी लालसर असतात. पंचांगाचे एक साधे पान किती अनोळखी ठिकाणी दारे ठोठावते हे एकदा त्या वहीत पाहिले की बॅनरचा धोका समजावून देण्यासाठी वेगळे व्याख्यान लागत नाही; आमच्या कचेरीत नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी तेच दाखवतो.

आणखी एक सोय मला विशेष कामाची वाटते. यादीतल्या एखाद्या डोमेनकडे जाहिरातीवरच्या क्लिकने किंवा मागच्या खिडकीने माणूस ओढला गेलाच, तर युब्लॉक ओरिजिन ते पान उघडतच नाही. पिवळ्या त्रिकोणाचे इशारापत्र पुढे करते, कोणत्या नियमामुळे अडवले ते सांगते आणि परत फिरण्याचे बटण देते. मी कचेरीत एवढाच दंडक घातला आहे की ते इशारापत्र आले की पुढे जायचे नाही आणि मला हाक मारायची. हिशेब पाहणाऱ्या आमच्या एक गुजराती बेन आहेत, त्यांना हा दंडक इतका पटला आहे की घरच्या लॅपटॉपवरही त्यांनी तो मुलांना लागू केला.

शोधनिकालांच्या डोक्यावर येणाऱ्या प्रायोजित ओळीही ते बहुतेक वेळा काढून टाकते, आणि हा लाभ बॅनरपेक्षा कमी नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये कीपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची शोधात दिसणारी एक जाहिरात बनावट साइटवर नेत होती. खऱ्या आणि खोट्या पत्त्यात फरक एवढाच की पहिल्या रोमन अक्षराच्या पायाशी स्वल्पविरामासारखी बारीक खूण होती. चष्म्याची नवी काच घालूनही ती धूळ की अक्षर हे कळले नसते. एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये सामान्य नागरिकांना दिलेल्या सूचनेत शोध घेताना जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन वापरावे असे स्पष्टपणे म्हटले होते. जाहिराती अडवणे म्हणजे साइटवाल्यांना लुबाडणे, असे मानणाऱ्या मंडळींनी निदान हे ध्यानात घ्यावे की हा सल्ला आता पोलिसी यंत्रणाही देते.

मर्यादांबद्दल. पहिली आणि सर्वांत मोठी मर्यादा क्रोमची आहे. गुगलने २०२४ आणि २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने क्रोममधली एक्स्टेन्शनांची जुनी व्यवस्था बंद केली, आणि त्याबरोबर मूळ युब्लॉक ओरिजिन तिथून गेले. क्रोमसाठी आता त्याच लेखकाचे युब्लॉक ओरिजिन लाइट आहे. लाइट वाईट नाही, नेहमीच्या जाहिराती ते चांगल्या तऱ्हेने अडवते, पण नवीन व्यवस्थेच्या चौकटीत राहावे लागत असल्यामुळे त्याच्याकडे मूळ आवृत्तीइतकी बारीक नियंत्रणे नाहीत. ज्या धोक्यात डोमेन रोज बदलतात तिथे हा फरक मला लहान वाटत नाही. काही सरकारी आणि बँकांची कामे क्रोममध्येच करायची सवय लोकांना लागलेली असते. त्यांनी ती कामे क्रोममध्ये करावीत आणि बाकीचे सगळे भटकणे फायरफॉक्समध्ये ठेवावे. प्राप्तिकराच्या किंवा जीएसटीच्या पोर्टलवर बाहेरच्या बॅनर जाहिराती नसतातच, धोका त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या शोधात असतो.

दुसरी मर्यादा, साइटने स्वतःच्याच सर्व्हरवरून आणि स्वतःच्या मजकुरात मिसळून दिलेली जाहिरात यातून निसटू शकते. तिसरी, व्हॉट्सॲपवर आलेली फाइल, ईमेलचे जोडपत्र किंवा पेन ड्राइव्ह यांच्याशी याचा काही संबंध नाही, म्हणून अँटिव्हायरस काढून टाका असे मी म्हणत नाही. विंडोजमध्ये अंगभूत असलेला डिफेंडर चालू ठेवावा. मला आक्षेप आहे तो दुकानातल्या त्या सल्ल्याला, ज्यात संगणक दुरुस्त करणारा महागडे पॅकेज गळ्यात मारतो आणि आता ‘इंटरनेट सेक्युरिटी’ आली, काळजी सोडा, असे सांगतो. त्या पॅकेजमध्ये जाहिराती रोखण्याची सोय आहे का, आणि असल्यास ती चालू केली आहे का, हे तो सांगत नाही आणि ग्राहक विचारत नाही.

चौथी अडचण रोजच्या वापरातली आहे. काही पाने जाहिरात अडवल्याचे ओळखतात आणि दार बंद करून बसतात. दांडिया बाजारात राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या एक मावशी रोज लॅपटॉपवर मराठी शब्दकोडे सोडवतात. त्यांच्या यंत्रावर हे बसवून दिल्यावर काही दिवसांनी त्यांचा फोन आला, “अहो, तुम्ही ते काय बसवून दिलंत, माझं कोडंच उघडत नाही. म्हणतंय आधी ते बंद करा.” अशा वेळी ढालीवर क्लिक केले की वर मोठे गोल बटण असते, ते फक्त त्या एका साइटपुरते युब्लॉक बंद करते; संपूर्ण एक्स्टेन्शन काढण्याची गरज नसते. मी मावशींना तसे करू नका असे सांगितले आणि कोड्याची दुसरी साइट शोधून दिली. त्यांनी ती नापसंत केली, कारण तिथले कोडे सोपे होते, आणि शेवटी त्या पहिल्या साइटचे वार्षिक वर्गणीदार झाल्या. मला हा तोडगा सर्वांत सरळ वाटतो. बातम्या गोळा करणाऱ्यांना पैसे मिळायलाच हवेत, पण ते मिळवण्यासाठी वाचकाच्या संगणकात कोणाचाही प्रोग्रॅम चालू देण्याची अट घालणे मला मान्य नाही. ज्या दोन-तीन मराठी आणि गुजराती वर्तमानपत्रांवर आमची कचेरी चालते त्यांची वर्गणी आम्ही भरतो आणि ढाल चालूच ठेवतो.

मावशींच्याच लॅपटॉपवर आणखी एक गोष्ट सापडली. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात सतत ‘तुमचा संगणक धोक्यात आहे’ असे इशारे सरकत होते आणि युब्लॉक बसवल्यावरही ते थांबले नाहीत. ते जाहिरातीच्या चौकटीतून येत नव्हते. पूर्वी कधीतरी एखाद्या पानाने ‘अलाऊ’ दाबायला सांगून घेतलेल्या नोटिफिकेशनच्या परवानगीवर ते येत होते, आणि एकदा दिलेली परवानगी युब्लॉक परत घेत नाही. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयतेखाली परवानग्यांचा भाग आहे, तिथे नोटिफिकेशनसमोरची यादी उघडून अनोळखी नावे काढून टाकावी लागतात, आणि नव्या साइटना विचारूच देऊ नये अशी खूणही तिथेच करता येते. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि घरच्या वडीलधाऱ्यांच्या प्रत्येक यंत्रावर करून द्यावे असे आहे.

फोनसाठी : अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये मूळ युब्लॉक ओरिजिन जसेच्या तसे चालते. इतर ॲपच्या आत येणाऱ्या जाहिरातींना ते हात लावू शकत नाही. तिथे निदान मालवेअरची ज्ञात डोमेने अडवण्यासाठी आम्ही क्वाड नाइन ही २०१७ पासून चालू असलेली, ना-नफा तत्त्वावरची मोफत डीएनएस सेवा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा, लावली आहे. कचेरीच्या राउटरमध्ये ९.९.९.९ हा पत्ता भरून सगळ्या यंत्रांना ती एकदम मिळते. ही सेवा जाहिराती काढत नाही, फक्त धोकादायक म्हणून नोंदलेल्या डोमेनचा पत्ता देण्यास नकार देते, आणि हल्लेखोरांनी कालच नव्याने घेतलेले डोमेन तिच्या यादीत नसण्याची शक्यता राहतेच. पूरक म्हणून ती उत्तम, पर्याय म्हणून नव्हे.

घेताना मात्र सावध राहावे, कारण या मालाच्या नावाचीच नक्कल होते. ‘ओरिजिन’ नसलेले नुसते युब्लॉक हे वेगळ्या मालकीचे आहे आणि त्याचा या प्रकल्पाशी आता संबंध नाही. २०१९ मध्ये क्रोमच्या दुकानात नामवंत ब्लॉकरांची नावे घेऊन बसलेली दोन बनावट एक्स्टेन्शने मिळून १६ लाखांहून अधिक लोकांनी बसवली होती, आणि ती कुकींची हेराफेरी करत असल्याचे उघड झाल्यावर गुगलने ती काढली. शोधयंत्रात नाव टाकून पहिली ओळ उघडण्याऐवजी थेट फायरफॉक्सच्या स्वतःच्या ॲड-ऑन दुकानात जावे आणि लेखकाचे नाव रेमंड हिल आहे ना, हे पाहून घ्यावे. एकाच ब्राउझरमध्ये दोन ब्लॉकर घालू नयेत. ते एकमेकांच्या पायात येतात.

हे सगळे करूनही एखाद्या जाहिरातीवरून आलेला प्रोग्रॅम चालवला गेलाच, तर त्या यंत्राचे इंटरनेट तोडावे, पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून बदलावेत आणि सगळीकडची चालू सत्रे बंद करावीत. मालवेअर काढण्याची मोफत साधने केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर मिळतात. ते २०१७ पासून सुरू आहे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे.

मूळ व्यवस्थेतल्या याद्या घरगुती वापराला पुरेशा आहेत आणि नवख्या माणसाने सेटिंग्जमध्ये फार खोल हात घालू नये. आमच्या व्यवसायातल्यांसाठी एकच तांत्रिक टीप देतो. याद्यांच्या पानावर गोपनीयतेच्या गटात बाहेरच्या साइटना आपल्या यंत्राशी आणि स्थानिक नेटवर्कशी बोलू न देणारी एक यादी आहे. कल्पना चांगली आहे, परंतु डिजिटल सहीची टोकन पोर्टलशी बोलतात ती आपल्याच यंत्रावर चालणाऱ्या एका लहानशा प्रोग्रॅममार्फत, आणि ही यादी नेमका तोच संवाद तोडू शकते. ती मूळ व्यवस्थेत बंद असते. मुदतीच्या दिवशी सही उमटेना म्हणून धावपळ करायची नसेल तर कर-कचेरीत ती बंदच राहू द्यावी.